ट्रॅकवर एक दिवस आणि डावा पुढचा टायर गोटा: दोष टायरचा, हवेचा की माझा?

चौथा_गिअर (पुणे)
१४ जानेवारी

नमस्कार मंडळी,

गेल्या शनिवारी आयुष्यात पहिल्यांदा गाडी ट्रॅकवर घातली. चेन्नईच्या अलीकडे इरुंगट्टुकोट्टईला, मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर. वारज्याच्या पुलावरून आपण रोज जो हायवे बघतो तोच ४८ नंबर सातारा, कोल्हापूर, हुबळी, बंगळूर करत थेट ट्रॅकच्या दारापर्यंत जातो, त्यामुळे रस्ता चुकायची सोयच नाही. जाऊन-येऊन अडीच हजार किलोमीटर, त्यातले ट्रॅकवरचे जेमतेम शंभर. घरचे काय म्हणाले ते लिहीत नाही.

गाडी २०१८ ची पेट्रोल स्विफ्ट, शोरूममधून आली तशीच. टायर १८५/६५ आर१५, नेहमीचे टूरिंग प्रकारचे, अकरा हजार किलोमीटर झालेले. पंधरा-पंधरा मिनिटांची पाच सेशन्स मिळाली. पहिल्यात घाबरून चालवली. दुसऱ्यापासून जरा हात मोकळा झाला आणि पुढून टायरच्या किंकाळ्या सुरू झाल्या. मला वाटलं, वा, आता आपण खरंच जोरात चालवतोय.

संध्याकाळी पार्किंगमध्ये गुडघ्यावर बसून बघितलं तर डाव्या पुढच्या टायरची बाहेरची कड उंदरानं कुरतडल्यासारखी. ब्लॉकच्या काठाला खोडरबराच्या चुऱ्यासारख्या गुंडाळ्या, आणि साइडवॉलवर जिथे रस्ता कधी लागायलाच नको तिथेही घासल्याचा काळा पट्टा. परत आल्यावर गेजने मोजलं (बाहेरची कड / मध्य / आतली कड, मिमी):

डावा पुढचा: २.१ / ५.० / ५.४
उजवा पुढचा: ३.४ / ५.१ / ५.४
मागचे दोन्ही: सगळीकडे साडेपाचच्या आसपास

जायच्या आधी पुढच्या दोन्हींना सगळीकडे साडेपाच ते सहा होतं, म्हणजे एका दिवसात साडेतीन मिमी. इथल्या एका दुकानात दाखवलं. "अलाइनमेंट गेलंय, चारही बदला" म्हणाले. दुसरीकडे "टायर डिफेक्टिव्ह पीस आहे, कंपनीकडे क्लेम टाका". क्लेम टाकताना "ट्रॅकवर नेली होती" हे सांगायचं की नाही, हाही प्रश्नच.

तर, टायर खराब होता का? की ट्रॅकवर असं होतंच?

---

सातारी_कंदील

साताऱ्यावरून दोनदा गेलात आणि चहाला थांबला नाहीत, टायरला शाप लागणारच. (हलके घ्या.)

वाचनखूण साठवली. उत्तरं वाचायला येईन.

---

कार्तिकी_कोइमतूर

चौथा_गिअर, क्लेमचा विचार सोडून द्या. तुमचे आकडेच सांगतायत की टायर बिचारा शहाणा आहे. मध्य आणि आतली कड जवळजवळ शाबूत, फक्त बाहेरचा खांदा गेला. डिफेक्टिव्ह टायर असा एका बाजूने, आणि तोही डावीकडे जास्त, झिजत नाही. त्या ट्रॅकवर उजवीकडची वळणं जास्त आहेत. उजवीकडे वळताना सगळा भार डाव्या चाकांवर येतो, आणि पुढचं इंजिन, पुढचा ड्राइव्ह म्हटल्यावर डाव्या पुढच्यावर सगळ्यात जास्त.

दोन गोष्टी सांगा. सकाळी गार टायरमध्ये हवा किती होती? आणि सेशन संपल्यावर गरम असताना किती झाली, ते बघितलं होतं का?

मी इथल्या कारी स्पीडवेवर गेली चार वर्षं जाते, गाडी स्विफ्टच. पहिल्या वर्षी माझे टायर तुमच्यापेक्षा वाईट दिसत होते, म्हणून विचारतेय.

---

चौथा_गिअर

ताई, हवा मुद्दाम २६ पीएसआय ठेवली होती. पॅडॉकमध्ये शेजारच्या गाडीवाल्या दादांनी सांगितलं की ट्रॅकवर हवा वाढते, म्हणून आधीच कमी करून जायचं. गरम असताना मोजली नाही. मोजायचं साधनच नव्हतं, पंपवाल्याच्या भरवशावर होतो.

---

कार्तिकी_कोइमतूर

सापडलं. (म्हणजे अर्धं सापडलं. उरलेलं अर्धं नंतर सांगते, राग येईल.)

---

रबराची_रसायनी

मी टायर कारखान्यात मिक्सिंग विभागात काम करतो. कुठल्या ते विचारू नका. ट्रॅकवर गाडी चालवायचा अनुभव शून्य, त्यामुळे त्याबद्दल बोलणार नाही. हवेचं गणित मात्र मांडतो, कारण "हवा वाढते म्हणून कमी करा" हे अर्धसत्य सगळीकडे ऐकू येतं.

गेज जो आकडा दाखवतो तो वातावरणाच्या वरचा दाब. खरा दाब काढायला त्यात १४.७ मिळवायचे. २६ म्हणजे खरे ४०.७. सकाळी टायर ३० अंशांवर आहे आणि चार-पाच जोरदार लॅपनंतर आतली हवा ८० अंशांवर गेली असं धरू. केल्विनमध्ये ३०३ वरून ३५३. दाब त्याच प्रमाणात वाढणार: ४०.७ × ३५३ ÷ ३०३ = ४७.४. त्यातून १४.७ वजा केले की गेजवर ३२.७.

म्हणजे तुमचा टायर पूर्ण तापल्यावरही ३३ च्या आतच होता. आणि पहिले दोन-तीन लॅप, जेव्हा तो अजून तापायचा होता, तेव्हा २७-२८ वर तुम्ही वळणं घेत होतात.

हवा कमी असली की साइडवॉल मऊ पडते. वळणात रस्ता ट्रेडला (रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीदार भागाला) एका बाजूला ओढतो, चाकाची रिम दुसऱ्या बाजूला जाते, आणि मधली साइडवॉल दुमडून टायर अक्षरशः स्वतःच्या कडेवर उभा राहतो. मधला ट्रेड हलका होतो, खांदा एकटा सगळं वजन ओढतो. साइडवॉलवरचा तो काळा पट्टा त्याचीच साक्ष.

खांद्याजवळ, साइडवॉलच्या वरच्या टोकाला, एक छोटा त्रिकोण कोरलेला असतो. खरं तर तो ट्रेडमधली झीज-खूण कुठे आहे ते दाखवायला असतो, पण ट्रॅकवाले त्याचा वेगळाच उपयोग करतात. घासल्याची खूण त्रिकोणाच्या टोकापर्यंत आली तर ठीक. त्याच्या खाली उतरली तर टायर लोळतोय, हवा वाढवा. टोकाच्या बरीच वर राहिली तर हवा जास्त आहे. त्रिकोण सापडत नसेल तर खडूने किंवा बुटाच्या पांढऱ्या पॉलिशने खांद्यावरून आडव्या रेघा ओढा आणि एका सेशननंतर कुठपर्यंत पुसल्या ते बघा. पाच रुपयांचं उपकरण.

---

घाटवळण

रसायनीसाहेब, मग नायट्रोजन भरला तर हा सगळा घोळ टळेल ना?

---

रबराची_रसायनी

नाही. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, आणि वरचं गणित त्यालाही तसंच लागू. फरक पडतो तो पाण्याच्या वाफेने. ओल्या कॉम्प्रेसरमधून बाष्प आत गेलं तर दाब जरा बेभरवशाने वाढतो. सिलिंडरमधला नायट्रोजन कोरडा असतो एवढाच त्याचा मोठेपणा. कोरडी हवा मिळाली तर तीही तेच काम करते.

---

अलाइनमेंटकाका (कोल्हापूर)

भावा, येताना इकडं थांबला असतास तर तिथंच दाखवला असतास टायर. असो.

हवेचं बरोबर आहे, पण निम्मं काम कॅंबरचं, म्हणजे समोरून बघितलं तर चाक किती कललेलं आहे त्याचं. रस्त्यावरच्या गाडीला कंपनी पुढची चाकं जवळजवळ उभी ठेवते, म्हणजे सरळ हायवेवर टायर सगळीकडं सारखा झिजतो आणि गिऱ्हाईक तक्रार करत नाही. पण वळणात गाडी कलते. गाडी बाहेरच्या बाजूला कलली की तिच्याबरोबर चाकपण कलतं, आणि टायर बाहेरच्या कडंवर येतो. स्विफ्टसारख्या स्ट्रटच्या (चाक धरणाऱ्या स्प्रिंग-शॉकॉबच्या खांबाच्या) गाडीत हे जास्तच, कारण स्ट्रट दबला तरी त्याचं चाक आत झुकायचं प्रमाण थोडं. म्हणून रेसच्या गाडीची पुढची चाकं समोरून बघितली तर वरून आत झुकलेली दिसतात. सरळ असताना फेंगडी, वळणात बरोब्बर सपाट.

"अलाइनमेंट गेलंय" म्हणणाऱ्यानं मशीनचा प्रिंट दाखवला का? नसंल दाखवला तर अंदाजपंचे. प्रिंट काढ. माझा अंदाज कॅंबर शून्याच्या आसपास निघंल आणि त्यात गाडीची काही चूक नसंल.

स्विफ्टला स्ट्रट दोन बोल्टनं बसतो. वरच्या बोल्टच्या जागी एक्सेंट्रिक बोल्ट घातला की दीड अंशापर्यंत आत झुकवता येतं. फक्त एक ध्यानात ठेव. कॅंबर हलवला की टो, म्हणजे वरून बघितलं तर चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलीत ते, हलतोच. कॅंबर करून टो न बघता गाडी हायवेला घातलीस तर पुण्यापर्यंत आतली कड खाऊन टाकंल. लोकं म्हणतात कॅंबरनं टायर खाल्ला. कॅंबर बिचारा हळूहळू खातो, टो चावतो.

---

घाटवळण

जरा विरोधी सूर लावतो. रोजच्या वापराची गाडी, तिला दीड अंश झुकवा, बोल्ट बदला, बाराशे किलोमीटर जा, टायरचा चुरा करा, परत या. एवढं करून मिळतं काय? आपले घाट काय वाईट आहेत? ताम्हिणी पहाटे साडेपाचला बघा एकदा.

---

कार्तिकी_कोइमतूर

घाटवळण, आयडीला जागलात. पण ताम्हिणीत समोरून येणाऱ्या एसटीला मार्शल झेंडा दाखवत नाही. वळणाच्या पलीकडे म्हैस उभी आहे की नाही हे कुणी सांगत नाही. आणि कठड्यापलीकडे वाळूचा रनऑफ नसतो. टायर सीमेवर नेऊन तिथे काय होतं ते शिकायचं असेल तर त्यासाठी ट्रॅकच. घाटात मी रस्त्यावरच्या ट्रकइतकीच हळू चालवते, आणि ते शहाणपण मला ट्रॅकनेच दिलं.

---

घाटवळण

एसटीचा मुद्दा मान्य. गेल्या पावसाळ्यात आमने-सामने भेट झाली होती. तपशील देत नाही.

---

मुळशीकर_वकील

अवांतर, पण सांगायला हवं. नेहमीच्या मोटार विम्यात शर्यत, वेगचाचणी वगैरे वापर वगळलेला असतो. पॉलिसीच्या कागदावर "वापराच्या मर्यादा" हे कलम वाचा. ट्रॅकवर गाडी ठोकली तर खर्च आपल्या खिशातून, हे गृहीत धरूनच जा. धागाकर्त्याचा क्लेमचा प्रश्न त्याच जातीचा आहे: ट्रॅकवर नेल्याचं लपवून क्लेम टाकू नका.

---

आयफेल (जर्मनी)

मी कोलोनजवळ राहतो, न्यूरबुर्गरिंगचा ट्रॅक तासाभरावर. त्यातला नॉर्डश्लाइफं म्हणजे २०.८ किलोमीटरचा एक लॅप, आणि पर्यटकांच्या दिवशी तो कायद्याने टोल भरून जायचा रस्ताच मानला जातो. वाहतुकीचे नियम लागू, उजवीकडून ओव्हरटेक नाही, वेळ मोजायला बंदी. तरी लोक मोजतात.

मुद्द्याचं म्हणजे, इथे लोक एक लॅप मारतात आणि बाहेर येतात. वीस किलोमीटरनंतर रस्त्याचा टायर आणि ब्रेक दोन्ही हात टेकतात. पार्किंगमध्ये अर्धा तास गप्पा, हवा तपासणं, मग दुसरा लॅप. तुमच्याकडे पंधरा मिनिटांचं सेशन म्हणजे पंधरा मिनिटं सलग ओरबाडायचं असा समज दिसतो. टूरिंग टायरचं रबर तीन-चार जोरदार लॅपनंतर तुपकट होतं. पकड कमी होते, म्हणून आपण स्टिअरिंग आणखी फिरवतो, त्याने आणखी तापतं. हे चक्र एकदा सुरू झालं की खांदा गेलाच समजा.

एक लॅप गरम करायला, तीन जोरात, एक गार करायला. शेवटच्या लॅपला ब्रेकला शक्यतो हात, म्हणजे पाय, लावायचा नाही. आणि पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढू नका. तापलेल्या डिस्कवर पॅड चिकटून बसतात. गिअरमध्ये टाका, चाकाला दगड लावा.

---

चौथा_गिअर

सगळ्यांना धन्यवाद, इतकं शिकायला मिळेल असं वाटलं नव्हतं. काका, प्रिंट काढला: डावा कॅंबर उणे ०.२, उजवा उणे ०.४. अंदाज तंतोतंत. टो कंपनीच्या मर्यादेत. म्हणजे "अलाइनमेंट गेलंय" ही लोणकढी थाप होती.

आता पुढचे दोन टायर घ्यायचेच आहेत. सेमी-स्लिक (कमी खाचांचे, ट्रॅकसाठीचे) घेऊ का? ट्रेडवेअर २०० वाले टायर ट्रॅकला चांगले असं वाचलं.

---

रबराची_रसायनी

ट्रेडवेअर हा आकडा अमेरिकेतल्या पद्धतीतून आला. टेक्सासमध्ये सॅन अँजेलोजवळ ठरलेल्या ४०० मैलांच्या रस्त्यावर गाड्यांचा ताफा ७,२०० मैल चालवायचा, संदर्भ टायरच्या तुलनेत झीज मोजायची आणि त्यावरून ग्रेड द्यायचा. संदर्भाला १००, म्हणून २०० म्हणजे त्याच्या दुप्पट टिकणारा. गंमत अशी की ग्रेड कंपनी स्वतःच देते. म्हणून एकाच कंपनीच्या दोन टायरमध्ये तुलना करायला तो बरा, दोन कंपन्यांत करायला नाही. आणि तो रस्त्यावरच्या झिजेचा आकडा आहे, ट्रॅकच्या नव्हे. ४०० वाला टूरिंग टायर ट्रॅकवर २०० वाल्याच्या आधी मरू शकतो, कारण त्याचं रबर त्या तापमानासाठी बनवलेलंच नसतं. तो झिजत नाही, तो फाटतो.

दुसरं, कोरा टायर घेऊन थेट ट्रॅकवर जाऊ नका. नव्या टायरची खोली सात-आठ मिमी. एवढे उंच ब्लॉक वळणात इकडून तिकडे वाकतात, त्या हालचालीने आतून तापतात आणि तुकडे उडतात. अर्धा झिजलेला टायर कोरड्या ट्रॅकवर खरं तर जास्त स्थिर असतो. परदेशात काही लोक नवे टायर तासून घेतात, ते याचसाठी.

---

सातारी_कंदील

म्हणजे अर्धा गोटा झालेला टायर चांगला? माझ्या पंक्चरवाल्याला हे वाचून दाखवतो, तो मला रोज घाबरवतो.

---

रबराची_रसायनी

कोरड्या ट्रॅकवर, कंदीलराव. पावसात खंबाटकीच्या बोगद्यातून बाहेर पडताना नाही. पाणी बाहेर काढायला खाचच लागते. कायद्याने कारला १.६ मिमी किमान, पण माझ्या मते तीनच्या खाली गेलेल्या टायरने पावसाळा काढू नये. धागाकर्ते परत आले ते २.१ मिमीच्या खांद्यावर बाराशे किलोमीटर. जानेवारी होता म्हणून ठीक.

---

अलाइनमेंटकाका (कोल्हापूर)

सेमी-स्लिक नको, भावा. घरून ट्रॅकपर्यंत त्याच टायरवर जायचंय तुला. चांगल्यातला स्पोर्टी टायर घे, कडक साइडवॉलचा. आणि घेताना साइडवॉलवरचे चार आकडे बघ. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. माझ्याकडं एकानं "एकदम फ्रेश स्टॉक" म्हणून दुसरीकडनं घेतलेले टायर बसवायला आणले, आकडे बघतो तर दोन वर्षं गोदामात पडलेले. बिलावर सही झाली होती, मग काय.

टायरवर एका बाजूला "बाहेरची बाजू" असं इंग्रजीत लिहिलं असंल तर तो उलटा बसत नाही. नसंल आणि बाणपण नसंल तर एक फायदा असतो: बाहेरची कड खाल्ली की टायर रिमवरनं काढून उलटा बसवायचा. आतली ताजी कड बाहेर येते. आमच्याकडची कार्टिंगची, रेसिंगची पोरं हे बरीच वर्षं करतायत.

---

पिटवॉल

टायर न झिजवता जिंकण्याची चर्चा चाललीय म्हणून आठवलं. २०१३ ची आपली ग्रेटर नोएडातल्या बुद्ध सर्किटवरची शेवटची इंडियन ग्रां प्री, फॉर्म्युला वनची. मऊ टायर तिथे टिकणार नाही हे दिसत होतं. व्हेटेल पोलवरून सुटला, पुढे होता, आणि दुसऱ्याच लॅपला आत येऊन त्याने मऊ टायर टाकून दिले. मागे पडला, एकेकाला गाठत परत पुढे आला, शर्यत आणि चौथं विजेतेपद दोन्ही घेऊन गेला. तिथला दहा-अकरा नंबरचा तो न संपणारा उजवा कर्व्ह आठवा. डाव्या पुढच्याची सगळी कुंडली तिथे लिहिली जाते. चौथा_गिअर, तुम्ही बुद्धला गेलात तरी तोच टायर रडणार आहे.

---

कार्तिकी_कोइमतूर

उरलेलं अर्धं सांगते म्हणाले होते.

हवा, कॅंबर, रबर हे सगळं खरं. पण पहिल्या पोस्टमधलं एक वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही: "किंकाळ्या सुरू झाल्या, मला वाटलं आपण जोरात चालवतोय." टायरचा आवाज ऐकायला शिका. पकड वाढत जाते तसा आधी हलका गुंजल्यासारखा आवाज येतो, मग बारीक शीळ. शीळ म्हणजे तुम्ही बरोबर जागी आहात. किंकाळी आणि त्यात घरघर मिसळली की टायर वळत नाहीये, नुसता घासतोय. तेव्हा माणूस काय करतो? स्टिअरिंग आणखी फिरवतो. चाक रस्त्याच्या दिशेपासून सहा-आठ अंश वळेपर्यंत पकड वाढते, त्यापुढे कमी होते. मग जितकं जास्त फिरवाल तितकं कमी वळेल आणि जास्त झिजेल.

मार्चमध्ये मी चेन्नईला येतेय. तुम्ही येणार असाल तर एक सेशन शेजारी बसेन.

---

चौथा_गिअर

राग नाही आला, ताई. लाज थोडी वाटली. येतो.

---

चौथा_गिअर (पुणे)
२५ मार्च

अपडेट द्यायला उशीर झाला, माफी.

जाताना कोल्हापूरला काकांकडे थांबलो. कॅंबर बोल्ट, पुढे दोन्हीकडे उणे १.४, टो शून्य. (पैसे घेतले, पण जेवल्याशिवाय सोडलं नाही. तांबडा-पांढरा पिऊन पुढच्या सीटवर झोप येत होती, गाडी मित्राने चालवली.) पुढे दोन नवे स्पोर्टी टायर, त्यांना ट्रॅकपूर्वी दोन महिने रोजच्या वापरात घासून घेतलं. मागच्या चाकांना जुने टूरिंगच ठेवले.

हवा: रसायनींचं गणित उलटं केलं. गरम ३८ हवी असेल तर गार साडेतीस. पण मार्चच्या चेन्नईत सकाळीच टायर ३० अंशांच्या वर, म्हणून ३२ ने सुरुवात केली. दोन लॅप मारून आत, लगेच मोजली, चाळीसला गेली होती, ३८ वर आणली. खडूच्या रेघा त्रिकोणाच्या टोकाशी थांबल्या. संध्याकाळी गार झाल्यावर बघितलं तर तीसला आली होती, परतीच्या हायवेसाठी पुन्हा भरली. हे विसरलो असतो तर गंमतच होती.

आता मुख्य. तिसऱ्या सेशनला कार्तिकीताई शेजारी बसल्या. दोन लॅप एक शब्द नाही. लांब उजव्या वळणात नेहमीप्रमाणे पुढचं टोक बाहेर पळायला लागलं, घरघर सुरू, माझे हात एकमेकांवर चढलेले. त्या शांतपणे म्हणाल्या, "वीतभर सोडा." मला कळेना. गाडी आधीच बाहेर चाललीय आणि ही बाई स्टिअरिंग सरळ करायला सांगतेय. "सोडा हो." सोडलं. घरघर थांबली, शीळ आली, आणि गाडीचं नाक आत वळलं. स्टिअरिंग कमी फिरवल्यावर गाडी जास्त वळली. हे वाचून दहा वेळा माहीत होतं, पण हाताला तेव्हा कळलं.

पुढच्या लॅपपासून त्यांनी ब्रेक आधी मारायला लावला आणि वळणात शिरण्याआधी पूर्ण सोडायला लावला. मला वाटलं वेग मेला. मित्र पिटमध्ये घड्याळ लावून बसला होता: लॅप तीन सेकंदांनी कमी झाला.

आकडे. आधी पुढचे दोन्ही ७.१ होते. पाच सेशन्सनंतर:

डावा पुढचा: ६.० / ६.३ / ६.२
उजवा पुढचा: ६.३ / ६.५ / ६.४

येताना हायवेवर गाडी थरथरायला लागली तेव्हा घाबरलो, वाटलं बॅलन्सिंग गेलं. खाली उतरून बघितलं तर टायरला ट्रॅकवरचे इतरांच्या रबराचे गोळे चिकटलेले. पन्नास-साठ किलोमीटरमध्ये उडून गेले.

---

आयफेल (जर्मनी)

झकास. फक्त नवे टायर, कॅंबर, हवा आणि हात हे चारही एकदम बदललेत. कशाने किती फरक पडला ते आता कधीच कळणार नाही.

---

चौथा_गिअर

जर्मनीत राहून तसेच झालात तुम्ही. पण बरोबर आहे. एवढंच सांगतो की पहिली दोन सेशन्स नवे टायर, कॅंबर, हवा सगळं होतं आणि ताई शेजारी नव्हत्या. त्या दोन सेशन्सनंतर डाव्या खांद्याला ७.१ चे ६.४ झाले होते. उरलेल्या तीन सेशन्समध्ये मिळून फक्त ०.४ गेले.

---

घाटवळण

पुढच्या वेळी एक जागा शिल्लक असेल तर कळवा. घाटापुरतं बोलत होतो मी.

---

सातारी_कंदील

आणि तो जानेवारीतला कुरतडलेला डावा पुढचा, त्याचं काय केलंत?

---

चौथा_गिअर

पार्किंगमध्ये पडलाय. सेक्रेटरींनी दोनदा निरोप पाठवला.

---

रबराची_रसायनी

फेकू नका. खांद्याजवळ आडवा कापून फोटो टाका. खालची तार किती जवळ आली होती ते सगळ्यांना बघू दे.

---

चौथा_गिअर

रविवारी कापतो. किचनमधली सुरी चालेल?

---

अलाइनमेंटकाका (कोल्हापूर)

सुरी साइडवॉलपुरती. ट्रेडखाली स्टीलच्या तारा आहेत, तिथं ग्राइंडर लागंल. डोळ्याला चष्मा लाव, आणि सुरी घरात विचारून घे.